उत्सवाची यादी का छापली? – 'जुना वाईकर' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

'माघ ते वैशाख : वाईत आणि आसपास काय काय आहे' ही यादी मी टाकली आणि तिसऱ्याच दिवशी तुमची प्रतिक्रिया आली. दोन ओळींत आभार मानून विषय संपवण्यासारखी ती नव्हती. म्हणून सावकाश लिहिते आहे. नव्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात आधी देते. (कृष्णाबाई म्हणजे आपली कृष्णा नदी. वाईत तिच्या प्रत्येक घाटावर त्या त्या आळीचा उत्सव होतो.)

तुम्ही लिहिलंत : "ताई, कृष्णाबाईचा उत्सव हा आमच्या आळीचा घरचा कार्यक्रम आहे, त्याची जाहिरात कसली करता? बगाड कुठून नीट दिसतं, गाडी कुठे लावायची, सगळं छापून टाकलंत. मांढरदेव विसरलात का? ज्या नदीचा उत्सव तिच्यात सांडपाणी सोडलं जातं, त्यावर एक ओळ नाही. कीर्तनाला पंधरा म्हातारी माणसं असतात, त्याचं एवढं कौतुक! पोवाड्याचा तर पत्ताच नाही. आणि गेल्या वर्षी तारीखसुद्धा चुकवली होतीत."

तारखेपासूनच सुरुवात करते, कारण तिथे माझ्याकडे बोलायला काही नाही. चूक झाली होती. उत्सव तिथीने चालतो आणि मी घरी बसून कॅलेंडरवर दिवस मोजले. मधल्या एका तिथीचा क्षय होता तो लक्षात आला नाही, सगळं एका दिवसाने पुढे सरकलं. यादी वाचून पुण्याहून एक बाई सासूबाईंना घेऊन दर्शनाला आल्या. त्या घाटावर पोचल्या तेव्हा मांडवाचे वासे उतरवत होते. सासूबाई पायऱ्यांवर बसून रिकाम्या मांडवाकडे बघत राहिल्या, हे त्यांच्या सुनेने मला फोनवर सांगितलं. यंदा त्या त्या आळीच्या मंडळींना विचारल्याशिवाय एकही दिवस लिहिलेला नाही. आधी तिथी, मग तारीख, आणि ज्यांचं अजून ठरायचं आहे तिथे 'ठरायचं आहे' असंच लिहिलं आहे.

आता 'घरचा कार्यक्रम'.

काका, मी गंगापुरीतली. लग्नानंतर बारा वर्षं सासरी होते, मग परत वाईला आलो आणि नव्या वसाहतीत घर घेतलं. आमच्या शेजारी लातूरकडचं एक कुटुंब राहतं, नोकरीनिमित्त आलेलं. वहिनींना वाईत येऊन चार वर्षं झाली होती. माघापासून रोज संध्याकाळी पुलावरून येताना घाटावरची रोषणाई दिसायची, पेटीचा आवाज यायचा. एकदा गच्चीत कपडे काढताना त्या मला म्हणाल्या, "तिकडं नदीवर कुणाकडं तरी मोठं कार्य असतंय बघा दरवर्षी. आपल्याला काय बोलावणं नसतंय." चार वर्षं, घरापासून चालत दहा मिनिटांवर, आणि हा गावाचा उत्सव आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही.

त्या रात्री मी यादी करायला घेतली.

तुमच्या लहानपणी यादी लागत नव्हती, कारण निरोप भिंतीला लागून असलेल्या भिंतींतून जायचा. एका वाड्यात आठ बिऱ्हाडं, एका बिऱ्हाडाला कळलं की आळीला कळलं. आता वाडे उतरले, त्यांच्या जागी इमारती झाल्या, आणि आळीतली निम्मी घरं पुण्या-मुंबईला गेली. तुम्ही स्वतः कोथरूडला असता असं लिहिलंत. हे टोचावं म्हणून लिहीत नाही. पोटासाठी सगळ्यांनाच जावं लागतं, आम्हीही गेलोच होतो. पण आळीत जे उरले त्यांच्यात पंगतीला वाढायला उभी राहतील अशी माणसं किती, हे एकदा मोजायला हवं. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी, भीमकुंड आळी. सात घाट, सात उत्सव, एकापाठोपाठ एक. एकाच मोसमात सात मांडव, सात वर्गण्या, सातांचा प्रसाद. एवढं सगळं फक्त 'घरच्यां'च्या बळावर आणखी किती वर्षं ओढणार?

आणि मुळात हा उत्सव घरचा होता का? आपल्याकडे परंपरा असं सांगते की १६५९ साली अफजलखान चालून आला तेव्हा संकट टळावं म्हणून कृष्णामाईला नवस बोलला गेला आणि त्यातून हा उत्सव सुरू झाला. तो नवस काही एका आळीपुरता नव्हता. धाक साऱ्या मुलखाला होता आणि मागणंही साऱ्या मुलखासाठीच होतं.

मी वहिनींना घेऊन गेले त्याची गोष्ट सांगते. पहिल्या दिवशी त्या सगळ्यात वरच्या पायरीवर, चपला जवळ ठेवून, कुणी उठवलं तर लगेच उठता यावं अशा बसल्या होत्या. कृष्णाबाईची ओटी भरली आणि घरी आल्या. दुसऱ्या दिवशी प्रसाद होता. दुपारी नदीवरून वारा सुटला आणि पत्रावळ्या उडायला लागल्या. मुलं धावत होती, पुढे भात घेतलेला माणूस थांबला होता. वहिनी उठल्या आणि रांगेने प्रत्येक पत्रावळीवर पाण्याचा भरलेला पेला ठेवत गेल्या. पत्रावळ्या जागच्या जागी बसल्या. आमच्या आळीतल्या एका काकूंनी ते पाहिलं आणि काही न विचारता आमटीची बादली आणि ओगराळं त्यांच्या हातात दिलं. तीन पंगती त्यांनी आमटी वाढली. शेवटच्या पंगतीला आम्ही बसलो तेव्हा त्यांच्या साडीच्या काठाला आमटीचे डाग होते, आणि काकू त्यांना नाव विचारत होत्या. यंदा पौष लागल्यापासून त्यांनी मला तीनदा विचारलंय, आपल्याकडचा प्रसाद कधी? 'आपल्याकडचा' म्हणाल्या, काका.

मला यादीतून एवढंच हवं आहे. मात्र तुमची प्रतिक्रिया वाचून मी माझीच पोस्ट पुन्हा उघडली, आणि तुम्हाला राग का आला ते कळलं. 'अवश्य भेट द्या', 'चुकवू नये असा अनुभव' असले शब्द मीच लिहिले होते. ही सहलीच्या जाहिरातीची भाषा झाली. ती वाचून माणूस येतो, उभ्याउभ्या फोटो काढतो, आणि पाचगणीच्या रस्त्याला लागतो. ते शब्द काढून टाकले आहेत. आता प्रत्येक उत्सवापुढे 'मदत लागते' असा वेगळा रकाना केला आहे : भाजी चिरणं, वाढणं, सतरंज्या घालणं, रात्री घाट झाडणं. ज्यांना यायचं त्यांनी हे वाचून यावं.

बगाडाबद्दल मात्र तुमचं म्हणणं मी पूर्णपणे मान्य करते. बावधनचं बगाड हा भैरवनाथाचा नवस आहे. होळी पौर्णिमेला कौल लावून बगाड्या, म्हणजे नवसासाठी बगाडावर टांगला जाणारा माणूस, ठरतो, रंगपंचमीला कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून बैलांच्या बळावर बगाडाचा अवजड गाडा शेतातून, रस्त्यातून गावापर्यंत ओढत नेतात. तिथे बैल बिथरला किंवा गाडा कलला तर बाजूच्या माणसाला हलायलाही जागा नसते. अशा ठिकाणी 'कुठून चांगलं दिसतं' हे मी सांगायला नको होतं. सांगणारीने गर्दी कुठे उभी राहील हे ठरवलं, आणि ते ठरवायचा मला अधिकार नाही. तो भाग पोस्टमधून काढला. फक्त दिवस ठेवला आहे, कारण त्या दिवशी रस्ता बंद असतो आणि ते लोकांना कळायला हवं.

आणि मांढरदेव मी विसरलेले नाही. २५ जानेवारी २००५ ला, तिथल्या काळूबाईच्या पौष पौर्णिमेच्या यात्रेत, चेंगराचेंगरी होऊन जवळजवळ ३०० माणसं मेली. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झालेल्या, वाट अरुंद, दोन्ही बाजूंना दुकानं, मग आग. त्या रात्री वाईतून वर जाणाऱ्या रुग्णवाहिकांचे आवाज ज्यांनी ऐकले, त्यांच्या अजून अंगावर काटा येतो. म्हणूनच मला वाटतं की गर्दीविषयी गप्प बसून ती थांबत नाही. मांढरदेवाला कुणी यादी छापून बोलावलं नव्हतं, तरी लाखोंनी माणसं आली. वाट कुठून, परत कुठून, गाडी कुठवर न्यायची, लहान मुलांना कधी आणू नये, हे आधी स्पष्ट सांगितलेलं असलं तर उपयोग होतो. घाटांच्या उत्सवांसाठी मी ते लिहिलं आहे. संध्याकाळी सातनंतर घाटाच्या पायऱ्यांवर उभं राहायला जागा कमी असते, वृद्धांना दुपारी आणावं, असं.

नदीबद्दल फार लिहीत नाही, कारण वाद घालण्यासारखं काही नाही. तुम्ही खरं लिहिलंत. घाटावरच्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचं पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून. १७६२ साली सरदार रास्त्यांनी देऊळ बांधताना नदीचा एवढा विचार केला होता. आपण तिच्या काठी घरं बांधताना सांडपाण्याची वाट तिच्याकडे वळवली. रविवारी सकाळी झाडू-घमेली घेऊन घाटावर उतरणारी मंडळी आहेत, जलपर्णी ओढून काढणारे आहेत, पण मैलापाणी झाडूने अडत नाही. यादीत पहिली ओळ आता तीच आहे : उत्सवात निर्माल्य, द्रोण, पत्रावळी, काहीही पात्रात टाकू नये. ही ओळ पुरेशी नाही हे मला माहीत आहे. पालिकेकडे द्यायच्या अर्जाचा मसुदा मी केला आहे, त्यावर गावाबाहेर राहणाऱ्या वाईकरांच्याही सह्या हव्या आहेत. तुमची पहिली मागते.

कीर्तनाबद्दल मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे.

पंधरा म्हातारी माणसं, म्हणालात. गेल्या वर्षी एका संध्याकाळी मी खरंच मोजली, तेवीस होती. त्यात सत्तरीपुढची चौदा. पण तबल्यावर दहावीतला मुलगा होता, काका. शेजारी उघडलेली वही, तिच्यात ठेके लिहिलेले. बुवा पूर्वरंगात, म्हणजे कीर्तनाच्या पहिल्या भागात, अभंगाचं एकेक पद सोडवत होते तेव्हा तो फक्त हात राखून साथ करत होता. मध्यंतर झालं, बुवांना बुक्का लावला, हार घातला, तबक फिरलं. उत्तररंगाला आख्यान सुरू झालं आणि बुवांनी एकदम लय वाढवली. मुलाचा पहिला तुकडा चुकला. बुवा थांबले नाहीत, त्याच्याकडे बघून नुसती मान हलवली, तोच चरण पुन्हा घेतला, आणि दुसऱ्या खेपेला तो बरोबर समेवर आला. पुढे बसलेल्या एका आजोबांनी मांडीवर थाप मारली. हे शिक्षण कुठल्या वर्गात, किती फी भरून मिळतं? गाणं, गोष्ट, अभिनय, पाठांतर आणि समोरच्या माणसाला अडीच तास धरून ठेवणं, हे सगळं एकाच माणसाने उभ्याने करायचं असतं. ते शिकायला खरे श्रोते लागतात, तेवीस का असेनात. श्रोते कमी म्हणून कीर्तन बंद केलं आणि वाद्यवृंद बोलावला, तर तो मुलगा कुठे बसणार? बुवांना बिदागी किती मिळते हे मी विचारलं होतं. आकडा इथे लिहीत नाही, पण तो वाढवायला हवा, आणि वर्गणी देणाऱ्यांनी तसं सांगायला हवं.

पोवाड्याचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. शाहीर साबळे आपल्या पसरणीचे, १९२३ चा जन्म, आणि माझ्या यादीत शाहिरीचा एकही कार्यक्रम नाही. कुठल्या आळीने या वर्षी पोवाडा ठेवला असेल तर मला कळवा, लगेच घालते.

भिलार का घातलं, हेही एका वाचकाने तुमच्या खाली विचारलं आहे. पसरणीचा घाट चढून गेलं की पाचगणीच्या पुढे भिलार आहे, ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत. मे महिन्यात वाईला टिळक ग्रंथालयाच्या वसंत व्याख्यानमालेला मुलांना घेऊन येणाऱ्यांना सकाळ तिकडे घालवता येते, म्हणून घातलं.

तुमच्या प्रतिक्रियेत शेवटी एक वाक्य होतं, त्याला कुणी उत्तर दिलं नाही : "आमच्या वेळी लळीत पहाटेपर्यंत चालायचं, सोंगं आम्ही घरी रंगवायचो." लळीत म्हणजे उत्सवाच्या शेवटी होणारा सोंगांचा खेळ, एवढंच मला माहीत. कुठली सोंगं, काका? रंग कशाचे करायचात? सोंग घेणाऱ्यांच्या तोंडी काय असायचं? मी दोन-तीन घाटांवर विचारलं, तुमच्या वयाचे लोक 'होतं असं' एवढंच म्हणतात, पुढे कुणाला आठवत नाही. तुम्हाला आठवत असेल तर फोनवर बोलून ठेवा, मी उतरवून घेईन.

आमच्याकडच्या प्रसादाच्या दिवशी सकाळी सातला भाजी चिरायला बसतो. तुम्ही आणि काकू आदल्या दिवशी आलात तर आमच्याकडेच उतरा. विळी मात्र घरून आणावी लागते, तिथे कधीच पुरत नाहीत.