नाव झाकायचं, जिल्हा सांगायचा

समुपदेशनाच्या एका जर्नलकडे पाठवलेला माझा पेपर परीक्षकांपर्यंत पोहोचलाच नाही, दारातूनच परत आला. कारण काय, तर लेखकाची ओळख उघड झाली. कुणाची? बेळगावच्या खडेबाजारातल्या डीटीपीवाल्या अण्णांची! टायपिंग त्यांच्या कॉम्प्युटरवर झालं, त्यामुळे फाइलच्या 'ऑथर'च्या रकान्यात तेच विराजमान.

सांगितलं तर अण्णा खुर्चीतून उठलेच.

"म्हणजे माझं नाव परदेशात गेलं म्हणा की!"

"गेलं म्हणूनच परत पाठवलं, अण्णा. काढा ते."

"काढून तुमचं घालू व्हय?"

"माझंही नको."

"मग कुणाचं ओ?"

"कुणाचंच नको."

"बिननावाचं कोण छापतंय सर? लग्नपत्रिकेवर सुद्धा खाली निमंत्रक लागतोय की!"

आता यांना दुहेरी अनामिक परीक्षण कसं समजवायचं? लेखकाला परीक्षक कळत नाही, परीक्षकाला लेखक. म्हणून नाव, संस्था, ऋणनिर्देश वेगळ्या शीर्षकपानावर. मुख्य मजकुरात 'आमच्या आधीच्या अभ्यासात' असं लिहिलं की पकडलेच गेलात. कॉलेजचं नाव झाकायचं, इथिक्स कमिटीचंही. ट्रॅक चेंजेसमधल्या, म्हणजे वर्डमधल्या दुरुस्त्यांच्या नोंदीतल्या शेऱ्यांना नाव चिकटलेलं असतं, तेही उडवायचं. वर्डमध्ये फाइल, इन्फो, चेक फॉर इश्यूज, इन्स्पेक्ट डॉक्युमेंट, आणि शेवटी 'रिमूव्ह ऑल'. ते बटण दाबण्याआधी अण्णांनी माझ्याकडे एकदा आशेनं पाहिलं.

यापुढे संपादक विषय बघणार, एपीएची, म्हणजे अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या लेखन-नियमावलीची सातवी आवृत्ती पाळली का बघणार, सारांश साधारण 250 शब्दांत आहे का मोजणार. पुष्कळ पेपर इथंच गळतात. उरलेले दोन-तीन परीक्षकांकडे जातात. त्यांना सहसा मानधन नसतं, त्यामुळे महिनोन्‌महिने गेले तरी बोलायची सोय नाही.

आणि एवढं झाकून मिळवायचं काय? खानापूर-निपाणीकडची मराठी शाळांतली मुलं समुपदेशकापुढं कुठल्या भाषेत रडतात, यावर लिहिणारी माणसं एका रिक्षात मावतील. ओळखायला कितीसा वेळ!

हमखास येणारा शेरा वेगळाच: 'नमुना बेळगावचाच का? निष्कर्ष इतरांना लागू होतील?' मानसशास्त्रातले बहुतेक नमुने पाश्चात्त्य, शिकल्यासवरल्या लोकांचे असतात, हे हेन्रिक, हाइन आणि नोरेनझायन यांनी 2010 मध्येच लिहून ठेवलंय. तरी अमेरिकेतल्या एका विद्यापीठातल्या पोरांना शीर्षकात नुसतं 'विद्यार्थी' म्हटलेलं चालतं. आम्ही जिल्हा सांगायचा, माध्यम सांगायचं, वर सीमाभाग म्हणजे काय तेही. 1956 पासूनचं भांडण दीड ओळीत बसवा! त्यावर एक परीक्षक म्हणणार पार्श्वभूमी लांबली, दुसरा म्हणणार अपुरी आहे. मग उत्तराच्या पत्रात एकेक शेरा उतरवायचा, खाली आपला खुलासा पान क्रमांकासकट द्यायचा, कुणाचं ऐकलं नाही ते कारणासह लिहायचं, आणि दोघांचेही मनःपूर्वक आभार मानायचे.