‘माल चांगला असेल तर जाहिरात कशाला?’ एका पाटीवाल्याचं उत्तर

गेले काही महिने एक फॉरवर्ड फिरतोय. मला तो तीनदा आला: आमच्या व्यापारी ग्रुपवर, मेहुण्याकडून आणि एका गिऱ्हाइकाकडून. सार असं: माल चांगला असेल तर जाहिरात लागत नाही. किर्लोस्करांचा नांगर आणि लिज्जतचा पापड काय जाहिरातीवर खपले? चांगल्या मालाची तोंडी जाहिरात आपोआप होते. जाहिरातीचे पैसे वाचवा, तेवढा भाव कमी ठेवा. आणि सांगायचंच असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांना मेसेज टाका, फुकट आहे.

आधी माझा स्वार्थ सांगून टाकतो. सांगलीत माझं फ्लेक्स आणि पाट्या छापायचं छोटं दुकान आहे. लोकांनी जाहिरात सोडली तर माझं मशीन धूळ खाईल. तेव्हा माझं म्हणणं पारखूनच घ्या. पण माझ्याकडून छापून नेलेलं बरंचसं वाया जातं, हेही मीच रोज बघतो.

किर्लोस्करांपासून सुरुवात करू, कारण किर्लोस्करवाडी आमच्याच जिल्ह्यात. लक्ष्मणरावांनी १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला. माल चांगला होता, त्याबद्दल कुणाचा वाद नाही. तरी पहिले चाळीस नांगर खपायला दोन वर्षं गेली, कारण लोखंडाने जमिनीत विष पसरतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती. चांगल्या मालाला गिऱ्हाईक शोधत येतं म्हणे! ते आलं नाही, त्याची समजूत काढावी लागली. त्याही आधी बेळगावात लक्ष्मणराव आणि त्यांचे भाऊ रामुअण्णा यांचं सायकलींचं दुकान होतं. तिथे रामुअण्णा सायकल विकायचे आणि ती चालवायलाही शिकवायचे. ज्याला सायकलवर बसताच येत नाही, तो ती विकत घेईल कशाला? नांगराचं नाव झाल्यावरही कारखाना गप्प बसला नाही. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं, ते कारखान्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत पोचवायला. पुढे त्यातला ‘खबर’ गळला आणि मराठीतलं एक नावाजलेलं मासिक उरलं. मालाच्या प्रचारासाठी काढलेल्या पत्राचं ज्यांच्याकडे मासिक झालं, त्यांचंच नाव ‘जाहिरात नको’च्या साक्षीला बोलवायचं म्हणजे कमाल आहे.

लिज्जतचं थोडक्यात. १५ मार्च १९५९, गिरगावातल्या चाळीची गच्ची, सात बायका आणि ८० रुपये उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली, ती भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडे नेऊन विकली. नेऊन! तो जिना चढून आला नव्हता. आणि दूरदर्शनवरच्या लिज्जतच्या जाहिरातीतला पापड खाणारा ससा ज्यांना आठवत नाही, त्यांनी घरातल्या मोठ्यांना विचारावं.

आता ‘तोंडी जाहिरात आपोआप होते’. हा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून जास्त घातक.

गेल्या वर्षी एक ताई दुकानात आल्या. गल्लीत पोळी-भाजी केंद्र काढलं होतं. दहा बाय तीनचा बोर्ड हवा होता आणि मजकूर वहीच्या पानभर: पोळी-भाजी, भाकरी, पुरणपोळी, दिवाळी फराळ, वाढदिवसाच्या ऑर्डरी, दोन मोबाइल नंबर, गणपती आणि भाचीने केलेला लोगो. मी म्हटलं, ‘ताई, गाडीवरून जाणाऱ्याला दोन सेकंद मिळतात. ‘गरम पोळी-भाजी’ आणि वेळ, एवढंच मोठ्ठं लिहू.’

‘दादा, पैसे सगळ्या फ्लेक्सचे देतेय. मग जागा रिकामी का सोडायची?’

हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा ऐकू येतो. (तसाच दुसरा: ‘मराठी बारीक आणि इंग्रजी मोठं चालेल का?’ चालत नाही. राज्याच्या दुकानांच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही पाटी मराठीत हवी आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही.) शेवटी ताईंनी माझं ऐकलं, पण गणपती सोडला नाही.

भाजी खरंच छान होती. मी स्वतः न्यायचो. तरी दोन महिन्यांनी त्या पुन्हा आल्या, चेहरा उतरलेला. येणारे परत येत होते, पण नवीन कुणी येत नव्हतं. का, ते मला एका रात्री दुकानात जेवताना कळलं. शेजारच्या मेडिकलवाल्याने माझ्या डब्यातली मेथी चाखली आणि विचारलं, ‘कुठून आणलीस?’ मी म्हटलं, ‘त्या पाण्याच्या टाकीच्या मागच्या गल्लीत एक ताई आहेत.’ तो बरं म्हणाला आणि विसरला. बोर्ड मीच छापला होता आणि केंद्राचं नाव माझ्या तोंडात आलं नाही! तोंडी जाहिरात करणाऱ्या तोंडात नाव आणि पत्ता कुणीतरी आधी घालावा लागतो, तो भाजीबरोबर आपोआप जात नाही.

मग आम्ही तळहाताएवढी चिठ्ठी केली. पुढे नाव, नंबर आणि ‘पाण्याच्या टाकीमागे’. मागे आठवड्याच्या भाज्या: सोमवार मटकी, मंगळवार मेथी, बुधवार भरली वांगी. ही चिठ्ठी प्रत्येक पिशवीला स्टेपल करायची. पुढच्या बाजूकडे कुणी बघितलं नसेल, पण मागच्या बाजूमुळे चिठ्ठी लोकांच्या फ्रिजवर गेली. ‘बुधवारी वांगी आहेत’ हे घरात बोललं जाऊ लागलं. एका रंगात छापलेला कागद होता तो, माझ्या दुकानातला सगळ्यात स्वस्त माल.

‘जाहिरातीचा खर्च वाचवा’ म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे चौकातलं होर्डिंग असतं. नव्या माणसाने होर्डिंग लावूच नये, हे मी छापणारा सांगतोय. पेपरात पाच हजार पत्रकं घालू नयेत. पोळी-भाजीसाठी मिरजेहून कोण येणार आहे? ताईंना मी पाचशेच छापून दिली आणि सांगितलं, आसपासच्या चार अपार्टमेंटमध्ये संध्याकाळी स्वतः जा, सोबत वाटीभर भाजी न्या. त्या गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, ‘लोक काय म्हणतील? दारोदार फिरते म्हणतील.’

तो फॉरवर्ड एवढा का आवडतो, हे मला तेव्हा कळलं. आपल्याकडे स्वतःच्या मालाबद्दल चारचौघांत बोलायची लाज वाटते. ‘चांगला माल बोलतो’ म्हटलं की ती लाज तत्त्वासारखी दिसते. पैशाचा प्रश्न त्यात फार थोडा. गुगल मॅपवर दुकान नोंदवायला एक रुपया लागत नाही, तरी माझ्याकडे येणाऱ्या नव्या दुकानदारांत निम्म्यांनी ते केलेलं नसतं. ताईंचं केंद्र कुणीतरी नोंदवलं होतं, पण खूण मागच्या गल्लीतल्या गॅरेजवर आणि वेळ सकाळी दहा ते सहा. केंद्र उघडतं संध्याकाळी सात वाजता! खूण सरकवली, वेळ बदलली, तव्यावरच्या पोळीचा फोटो टाकला. नियमित येणाऱ्यांना ‘गुगलवर दोन ओळी लिहा’ म्हणायला त्यांनी पंधरा दिवस घेतले. शेवटी लिहायला सांगितलं ते त्यांच्या मुलाने.

‘भाव कमी ठेवा’ याला उत्तर आकड्यांत. समजा पोळी-भाजी ८० रुपयांना विकता आणि सगळा खर्च धरून ६० पडतात. सुटतात २०. दहा रुपये कमी केले की सुटतात १०. म्हणजे तेवढेच पैसे मिळवायला दुप्पट ताटं गेली पाहिजेत आणि दुप्पट पोळ्या लाटायला हात तेवढेच. शिवाय भाव कमी आहे हे तरी लोकांना कळणार कसं? सांगूनच ना! म्हणजे सांगणं काही टळलं नाही. आणि दहा रुपयांसाठी आलेलं गिऱ्हाईक पाच रुपयांसाठी पलीकडच्या गल्लीत जातं, ते वेगळंच.

राहिलं व्हॉट्सअ‍ॅप. ‘सगळ्यांना मेसेज टाका’ म्हणणाऱ्याने कधी टाकून बघितलेला दिसत नाही. एकच मेसेज अनेकांना एकदम पाठवायच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ च माणसं मावतात, आणि ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलेला नाही, त्याला तो मेसेज पोचतच नाही. तुम्ही त्याचा नंबर मिळवून उपयोग नाही, त्याने तुमचा ठेवायला हवा. तो का ठेवेल? ‘शुभ सकाळ’साठी नक्कीच नाही. ताई आता पैसे घेताना म्हणतात, ‘नंबर सेव्ह करा, दुपारी चारला आजची भाजी कळवते.’ दिवसाला एकच मेसेज, त्यात भाजीचं नाव आणि किती ताटं होणार ते. लोक उत्तरात ‘दोन ठेवा’ लिहितात, त्यामुळे किती कणीक मळायची ते चारलाच कळतं आणि उरणाऱ्या भाजीचं नुकसान कमी झालं.

फॉरवर्डवाल्यांचं एक मात्र शंभर टक्के मान्य. माल वाईट असेल तर जाहिरात करू नये, वाईट बातमी लवकर पसरते. माझ्याकडून झगमगीत बोर्ड नेलेली दोन हॉटेलं वर्षाच्या आत बंद पडली आणि एकाचा बोर्ड आता रसवंतीचं छप्पर झालाय.

परवा व्यापारी ग्रुपवर तोच फॉरवर्ड चौथ्यांदा आला. खाली एका काकांनी लिहिलं, ‘अगदी सत्य! चांगल्या मालाला जाहिरात लागत नाही. आमच्याकडे घरचं म्हशीचं तूप मिळेल, घरपोच.’ दुपारपर्यंत चार जणांनी भाव विचारला होता. त्यात एक मी होतो.