ज्या गावाचा फोन येत नाही

२२ जुलै २०२१. चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी शिरलं होतं. मावशी घरी, पहिल्या मजल्यावर. मी पुण्यात, हातात फोन. ती जिन्याच्या पायऱ्या मोजून सांगत होती, "आता सातवी बुडाली रे." जिना सोळा पायऱ्यांचा. मी सुचेल त्याला फोन लावले. नियंत्रण कक्ष, ओळखीचे पत्रकार, एका आमदारांकडे काम करणारा मित्र. एकच धोशा, होडी पाठवा.

संध्याकाळी होडी आली. मावशीने खिडकीतूनच सांगितलं, "आमचं बरं आहे. मागच्या आळीत बाळंतीण आहे, घर बैठं आहे. आधी तिकडे जा."

त्याच संध्याकाळी महाड तालुक्यातल्या तळीयेवर दरड कोसळली. ८० हून जास्त माणसं गेली. पाटणमधलं आंबेघर, मिरगाव, खेडमधलं पोसरे, सगळं त्याच पावसात. महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पडला होता. रस्ते बंद, मोबाइलची रेंज गेलेली. बाहेरची पथकं तळीयेला पोचली ती दुसऱ्या दिवशी. तोवर आजूबाजूचे लोकच चिखल उपसत होते.

मावशीची होडी तळीयेच्या कामाची नव्हती, हे मला कळतं. पण नियंत्रण कक्षातली माणसं मोजकी, लाइनी मोजक्या. त्या दिवशी त्यातला काही वेळ मी अडवला, आणि तोही कुणासाठी? जिच्याकडे नऊ पायऱ्या कोरड्या होत्या, तिच्यासाठी. हे मला अजून टोचतं.

३० जुलै २०१४ ला माळीण गाडलं गेलं, १५१ माणसं गेली. बाहेर कळलं कसं? गावातून कुणाचा फोन आला म्हणून नाही. एसटी घेऊन गेलेल्या चालकाला गाव जागेवर दिसेना, त्याने कळवलं.

म्हणून मला मनापासून वाटतं, आलेल्या फोनांच्या क्रमाने मदत वाटणं हा न्याय नाही. फोन त्याचाच लागतो ज्याच्याकडे रेंज आहे, चार्जिंग आहे, शहरात भाचा आहे. दरडीच्या धोक्यातल्या गावांच्या याद्या सरकारकडे आहेत. रेड अलर्ट लागला की एका माणसाने फक्त ती यादी घेऊन बसावं. दर तासाला सरपंच, पोलीस पाटील, आशाताई, तिघांना फोन. तिघंही लागत नाहीत? मग ते गाव संकटात आहे असंच धरायचं, खालच्या गावातून माणूस पाठवायचा, आणि उरलेल्या एका पथकाचं नाव त्या गावापुढे लिहायचं. दहापैकी नऊ वेळा तिथे नुसता टॉवर बंद निघेल. निघू दे. तो फेरा वाया गेला असं मी तरी म्हणणार नाही.

हल्ली पावसाळ्यात महाड, चिपळूणला एनडीआरएफची पथकं आधीच आणून ठेवतात, हे फार चांगलं झालं. घाट बंद झाल्यावर पुण्याहून निघून काय उपयोग? पण पथक जवळ असलं तरी ते आधी कुठे जाणार, हे अजून फोनवरच ठरणार असेल तर मावशीसारखं कुणीतरी नियंत्रण कक्षात हवं, ज्याला मागच्या आळीतली बाळंतीण ठाऊक आहे. गावोगावच्या आशाताईंकडे ही माहिती वहीत लिहिलेली असते. कोण अंथरुणाला खिळलंय, कुणाचे दिवस भरलेत. ती वही जूनमध्येच तालुक्याला पोचायला हवी.

मावशीकडे पाणी अकराव्या पायरीवर थांबलं. बाळंतीण आणि बाळ दोघंही त्याच होडीतून सुखरूप बाहेर आली.