रोस्किल्डची नौकाबांधणी
डेन्मार्कमधील रोस्किल्डच्या व्हायकिंग (मध्ययुगीन उत्तर युरोपातील दर्यावर्दी) जहाज संग्रहालयावरचा एक लेख वाचला. त्यात १९६२ साली खाडीच्या तळातून काढलेल्या पाच जहाजांच्या अवशेषांचे वर्णन सविस्तर आले आहे. मात्र शेजारच्या नौकाबांधणीच्या आवाराची एका ओळीत बोळवण झाली, हे खटकले. माझ्या मते या संग्रहालयाचा जीव तिथेच आहे. तिथे जुन्या पद्धतीने, ओकचे खोड करवतीने न कापता पाचरी ठोकून गाभ्यापासून सालीकडे उभे फोडले जाते आणि मग फळी कुऱ्हाडीने तासली जाते, त्यामुळे लाकडाचे तंतू अखंड राहून पातळ फळीही चिवट व लवचिक होते. अशाच पद्धतीने २००० ते २००४ या काळात बांधलेली, त्या पाचांपैकी एका युद्धनौकेची सुमारे तीस मीटर लांबीची प्रतिकृती २००७ मध्ये समुद्रमार्गे आयर्लंडमधील डब्लिनला पोहोचली (मूळ नौका अकराव्या शतकात डब्लिन परिसरातच बांधली गेली होती).