खाज्या नाईकाचा इतिहास लिहायचा कोणी?

इतिहासकाराने तटस्थ असावं, असं आपण फार सहज बोलून जातो. मला ते पटत नाही. आपल्या खान्देशात तर अजिबातच नाही.

भिल्लांचा पुढारी खाज्या नाईक घ्या. सातपुड्यातल्या सेंधव्याच्या घाटाची राखण इंग्रजांनीच त्याच्याकडे दिली होती. मध्ये शिक्षा झाली, नोकरी गेली. १८५७ मध्ये तो उठला, घाटात सरकारी खजिना लुटला. ११ एप्रिल १८५८ ला आंबापाणीला भिल्लांची इंग्रज फौजेशी लढाई झाली. हे सगळं आपल्याला कळतं कुठून? ज्यांचा खजिना गेला त्यांच्याच पत्रांतून, अहवालांतून, १८८० च्या खान्देश गॅझेटियरमधून. लुटीच्या रकमेचा आकडा तिथे मिळतो. पण लिहिता न येणाऱ्या लढवय्यांचं म्हणणं तिथे येणार कसं? आता एखादा अभ्यासक अगदी कोऱ्या मनाने या कागदांपुढे बसला, पदरचं एक अक्षर घातलं नाही, तरी त्याच्या लेखणीतून साहेबच बोलणार.

पण म्हणून "सगळेच आपापलं लिहितात, मग आम्हीही लिहू" हे मला त्याहून नको. खाज्या इंग्रजांच्या चाकरीत होता, हे त्याच्या गौरवाच्या बॅनरवर का येऊ नये? ज्याच्याकडून सरकारने रस्ता राखून घेतला तोच उलटला, त्या काळाचं सगळं दुखणं यातच तर आहे!

आपल्याच धुळ्यात इतिहास संशोधनाचं राजवाडे मंडळ आहे. इतिहासकार वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच वारले, पुढच्याच वर्षी मंडळ उभं राहिलं. तटस्थ म्हणावा असा हा माणूस नव्हताच. मतं कडक, अभिमान उघड, जातींबद्दलची काही विधानं तर आज वाचवत नाहीत. पण गावोगाव हिंडून, लोकांची दप्तरं धुंडाळून मिळवलेले कागद त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'च्या २२ खंडांत सगळ्यांसमोर ठेवले. त्यांची मतं खोडायला निघालेल्यालाही तेच खंड उघडावे लागतात. इतिहासकाराकडून मला एवढंच हवंय. मत खुशाल ठेव, पण कागद दडवू नकोस. आपल्याला अडचणीचा असेल तो आधी दाखव.

सातपुड्याच्या पाड्यांवर मात्र दप्तरं नव्हती. जे आहे ते म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी, पावरी, बारेली, भिलोरी या बोलींत. शिरपूर, चोपडा, यावल, धडगावकडच्या पोरांनो, मोबाईल हातात आहेच, रेकॉर्ड करा. कोण बोलतंय, कुठल्या पाड्यावर, कुठल्या तारखेला, हे सुरुवातीलाच बोलून ठेवा. आणि आपल्याला न आवडणारं काही निघालं तर ते कापू नका.