‘शेंबड्या पोरालाही कळतं’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार.

अमेरिकेतल्या लवकर (मतदानाच्या दिवसाआधीच) आणि टपाली मतदानाने टक्का सरसकट वाढत नाही, असं सांगणाऱ्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत, ‘सोय दिली की मतदान वाढतं हे शेंबड्या पोरालाही कळतं. ओरेगॉनमध्ये १० टक्के वाढलं. तुम्ही आकड्यांचा खेळ करता.’ मतभेदाला ना नाही. पण या विषयावरचे शोधनिबंध पदरमोड करून वाचत आलेल्या माणसाला ‘खेळ’ म्हणण्याआधी निदान लेख शेवटपर्यंत वाचायचा होता.

टपालाने मतदान घेणाऱ्या ओरेगॉन राज्याला मी एकच ओळ दिली, तेवढं मान्य. आता सविस्तर घ्या.

तो १० टक्क्यांचा आकडा साउथवेल आणि बर्चेट यांच्या २०००च्या निबंधातला. त्यात पूर्णपणे टपालाने झालेल्या निवडणुका मोजक्याच होत्या आणि पद्धतीची नवलाई ताजी होती. ग्रोंके आणि मिलर यांनी पुढच्या निवडणुका धरून २०१२मध्ये तेच गणित पुन्हा मांडलं, तेव्हा वाढ टिकलेली दिसली ती विशेष निवडणुकांत, म्हणजे नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर होणाऱ्या, जिथे एरवी कोणी फिरकत नाही.

कॅलिफोर्नियाचा पुरावा तर याहून बोलका. अभ्यासाच्या काळात तिथे २५० किंवा त्याहून कमी मतदारांच्या भागात मतदान केंद्र न उघडता सगळ्यांना टपाली मतपत्रिका पाठवता येई. म्हणजे टपालाची निवड मतदाराने केलेली नसे, ती मतदारयादीच्या आकाराने होई. मुळातच उत्साही मतदार टपालाकडे वळले असतील, ही शंका बरीचशी मिटते. कौसर आणि म्युलिन यांनी २००७मध्ये अशा भागांची तुलना त्यांच्यासारख्याच केंद्रवाल्या भागांशी केली. सार्वत्रिक निवडणुकांत टपालवाल्यांचं मतदान कमी भरलं. स्थानिक विशेष निवडणुकांत मात्र वाढलं. शेंबड्या पोराला हे कुठून कळणार?

‘वाढतच नाही’ असं मी लिहिलेलं नाही, ते तुम्ही माझ्या तोंडी घातलंत. प्रत्येक मतदाराला न मागता मतपत्रिका पाठवणाऱ्या कॅलिफोर्निया, युटा आणि वॉशिंग्टन या राज्यांतल्या काउंट्यांच्या (जिल्ह्यांच्या) २०२०च्या अभ्यासात वाढ आहे: दोनेक टक्क्यांची. उलट बर्डेन आणि सहकाऱ्यांना २०१४मध्ये आढळलं की नुसत्या लवकर मतदानाने टक्का घसरतो. मतदानाच्या दिवसाची लगबग आठवड्यांवर पसरते, पक्षांचा जोरही विरतो. त्याच दिवशी नावनोंदणीची मुभा असली तर टक्का चढतो. ‘सोय’ म्हणून सगळं एका गाठोड्यात बांधलंत की हा फरक दिसणार कसा?

टपाली मतदानाचा डेमोक्रॅटिक पक्षाला फायदा होतो म्हणता, तो त्याच २०२०च्या अभ्यासात सापडला नाही. पुढचा मुद्दा.

‘लिफाफा टाकला की मत मोजलं गेलं’, हेही आपलंच वाक्य. लिफाफा मुदतीनंतर पोचतो, सही राहून जाते, किंवा केलेली सही नोंदीतल्या सहीशी जुळत नाही. २०२०मध्ये परत आलेल्या टपाली मतपत्रिकांपैकी सुमारे ०.८ टक्के बाद झाल्या. काही राज्यांत मतदाराला कळवून सही दुरुस्त करू देतात, तीही मुदतीतच.

पुन्हा आकडा फेकाल तेव्हा निवडणुकीचं वर्ष आणि प्रकारही लिहा.