पिशवीतली ती छोटी पुडी

बीटी कपाशी म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार व्हावं म्हणून एका जिवाणूचं जनुक घातलेली कपाशी. तिच्या बियाण्याच्या पिशवीत एक छोटी पुडी यायची. ४५० ग्रॅम बीटी सरकी आणि त्या पुडीत १२० ग्रॅम साधी, नॉन-बीटी. आमच्या परभणीतल्या सेलू तालुक्यात ती पुडी फारसं कुणी लावायचं नाही. अण्णांनी तीन-चार वर्षांच्या पुड्या देवळीत तशाच ठेवल्या होत्या. फेकायला जीव होत नव्हता, लावायचं कारण कुणी सांगितलं नव्हतं.

कारण मला कॉलेजात गेल्यावर कळलं. कडेला साधी कपाशी असली की त्यावर वाढलेले बोंडअळीचे पतंग बीटीवर तगून राहिलेल्या पतंगांशी जुळतात आणि बीटीला दाद न देणारी अळी तयार व्हायला वेळ लागतो. मी हे घरी सांगितलं तेव्हा अण्णांनी लगेच विचारलं, "म्हणजे अळीला खाऊ घालायला रान पेरायचं? मग ते नुकसान कोण भरून देणार?"

हा अडाणी माणसाचा प्रश्न नाही. बीटीला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली, त्याआधी हा प्रश्न चार गावांत ऐकून घेतला असता तर त्या पुडीचं काहीतरी वेगळं ठरलं असतं. आता साधं बी बीटीतच मिसळून देतात, पण तोवर फार उशीर झाला होता. २०१७ साली शेंदरी बोंडअळीने महाराष्ट्रभर कपाशी खाल्ली. आमच्या रानात वरून हिरवंगार दिसणारं बोंड नखाने फोडलं की आत गुलाबी अळी आणि एकमेकींना चिकटलेल्या दोन सरक्या. आई बोंडामागून बोंड फोडत होती आणि बोलत नव्हती. त्या वर्षी आम्ही पऱ्हाटी डिसेंबरातच उपटली.

जीएम, म्हणजे जनुकं बदललेल्या, पिकांवर वाद पेटला की दोन्ही बाजू आमचं नाव घेतात. एक म्हणते शेतकऱ्याला तंत्रज्ञान हवंय, दुसरी म्हणते शेतकरी फसवला जातोय. अण्णांना विचाराल तर ते सांगतील की सुरुवातीची वर्षं खरंच चांगली गेली, हिरव्या बोंडअळीच्या फवारण्या कमी झाल्या. आणि त्याच दमात विचारतील की बीटी हायब्रीडमध्येच का आणली? सरळ वाणात असती तर दरवर्षी बी विकत घ्यावं लागलं नसतं. कोरडवाहू रानात लवकर निघणारं वाण का नाही दिलं? हे प्रश्न दोन्ही बाजूंच्या भाषणांत मला क्वचितच ऐकू येतात.

बीटी वांग्याला परवानगी द्यायची का, हे ठरवताना तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी २०१० साली देशातल्या सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. निदान विचारलं, याबद्दल मला त्यांचा आदर आहे. पण महाराष्ट्रातली सुनावणी एकच, नागपूरला. आमच्याकडून नागपूर म्हणजे रात्रभराचा प्रवास आणि दोन दिवसांचा रोज बुडणार. ९ फेब्रुवारीला वांगं थांबलं. बांगलादेशात २०१४ पासून शेतकरी ते लावतायत. आपला निर्णय बरोबर की चूक हे मी सांगत नाही, पण त्या निर्णयात परभणी-जालन्याचा वांगी लावणारा माणूस किती होता?

२०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेने तणनाशकाला दाद न देणारी, परवानगी नसलेली कपाशी उघडपणे लावली. तेव्हा कायद्यात त्याला पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास होता. कुणी ऐकतच नसेल तर माणसं असंच करणार. पण शेतकरी म्हणजे एक आवाज नाही, हेही तितकंच खरं. आमच्या शेजारच्या बागायतदाराला ते बी हवंय, कारण खुरपणीला बाया मिळत नाहीत आणि मिळाल्या तर मजुरी परवडत नाही. माझी आई मात्र म्हणते, "तणनाशकानं तण जाईल, पण ज्यांचं घर खुरपणीवर चालतं त्यांचं काय?" आणि कंबर दुखते म्हणून रात्री तीच आई तेल मागते. दोन्ही तिचंच आहे आणि दोन्ही ऐकून घेतलं पाहिजे.

२३ जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाचे दोन न्यायमूर्ती जीएम मोहरीच्या परवानगीवर एकमत झाले नाहीत. पण केंद्राने जीएम पिकांचं राष्ट्रीय धोरण ठरवावं आणि त्यासाठी शेतकऱ्यांशीही बोलावं, यावर दोघांचं एकमत होतं.

तर मग बोला. पण बैठक मानवतच्या मार्केट यार्डात घ्या, मराठीत घ्या. पेरणीच्या किंवा वेचणीच्या दिवसांत ठेवू नका, पोळ्याच्या आसपास ठेवा, तेव्हा माणूस जरा मोकळा असतो. चाचणीचे आकडे आधी महिनाभर ग्रामपंचायतीत लावा. आणि खुरपणीवाल्या बायांना त्या दिवसाचा रोज देऊन बोलवा, नाहीतर त्या येणार नाहीत.